दंडातला उंदीर, पाठीतली चोच

शाळकरी पोरं शर्टाची बाही वर सारून दंडातली बेटकुळी दाखवतात. बेटकुळी म्हणजे लहानसा बेडूक. हात कोपरात वाकवला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं, म्हणून बेडूक. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमध्ये 'मुस' म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचा हा लांबचा भाऊबंदच; आणि 'मुस्कुलुस' म्हणजे उंदराचं पिल्लू. इंग्रजीतला 'मसल' त्या मुस्कुलुसपासून आला. जिममध्ये घाम गाळून मसल कमावणारा तरुण शब्दशः उंदीर पोसत असतो.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकलेल्या मुलांना शरीररचनेच्या नावांचा धसका असतो. हजारो नावं, सगळी लॅटिन नाहीतर ग्रीक, आणि पाठांतराला पर्याय नाही. गंमत अशी की ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्या कानांना त्यांत काहीच अवघड वाटत नव्हतं. घरात, शेतात, बाजारात जे दिसायचं त्याचीच नावं त्यांनी हाडामांसाला दिली. नडगीचं हाड 'टिबिया', म्हणजे पावा. शेजारचं सडपातळ हाड 'फिब्युला', म्हणजे अंगावरचं वस्त्र अडकवून ठेवायचा काटा. गळ्याखालचं आडवं हाड 'क्लॅव्हिकल', म्हणजे छोटी किल्ली. कानाच्या आत खोलवर असलेला वळसेदार भाग 'कॉक्लिया', म्हणजे गोगलगाय. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या ज्या खोबणीत बसतो तिचं नाव 'ॲसिटॅब्युलम'. रोमन जेवणात व्हिनेगर वाढायची वाटी असायची, तिचं हे नाव. वाटीची उपमा मराठीलाही सुचली, फक्त ती गुडघ्याला लागली. आणि लॅटिनमध्येही गुडघ्याच्या त्या हाडाला 'पटेला' म्हणजे छोटी ताटली म्हणतात, तेव्हा भांड्यांच्या बाबतीत दोन्ही भाषांचं चांगलं जुळतं.

असं जुळणं वारंवार भेटतं. पायाच्या मागच्या फुगीर स्नायूचं शास्त्रीय नाव 'गॅस्ट्रोक्नेमियस' उच्चारताना जीभ अडखळते, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एवढाच: पायाचं पोट. मराठीत त्याच भागाला पोटरी म्हणतात आणि त्या शब्दातही पोट स्वच्छ ऐकू येतं. डोळ्यातल्या काळ्या छिद्राला इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात; हा शब्द 'पुपिला' या लॅटिन शब्दापासून आला आणि पुपिला म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपली इवलीशी प्रतिमा तिथे उभी दिसते, तीच ही बाहुली. ग्रीकांनी त्याच जागेला 'कोरे' म्हटलं, अर्थ कुमारिका. संस्कृतात 'कनीनिका', अर्थ पुन्हा तोच. आणि मराठी आजी नातवाच्या डोळ्यात पाहत 'डोळ्यातली बाहुली' म्हणते. इतक्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिलेली असावी, किंवा फार जुन्या काळी कुणीतरी एकदा पाहिलेलं सगळ्यांनी जपलं असावं.

कधीकधी मात्र नजरा फाटतात. पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला मराठीत माकडहाड म्हणतात, कारण तिथेच माकडाला शेपूट असते. शेपटीची खूण म्हणून हे नाव शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे. ग्रीक शरीरशास्त्रज्ञांना शेपूट आठवली नाही. त्यांना त्या वाकड्या टोकदार हाडात कक्कू पक्ष्याची चोच दिसली आणि 'कॉक्सिक्स' हे नाव पडलं.

मेंदूतल्या एका वळणदार भागाचं नाव 'हिप्पोकॅम्पस'. स्मृती घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. इटलीतल्या बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ जूलिओ चेझारे अरांझी यांनी 1587 मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांना तो समुद्री घोड्यासारखा वाटला. पण खात्री नव्हती, रेशमाचा किडाही म्हणता येईल असं त्यांनी सुचवून ठेवलं. घोडा जिंकला. किडा जिंकला असता तर आजच्या मेंदूविज्ञानाच्या ग्रंथांची शब्दसूची बरीच वेगळी दिसली असती.

या नावांच्या पाठांतराचा आणि मुंबईचा एक फारसा माहीत नसलेला संबंध आहे. जगभरच्या डॉक्टरांच्या कपाटात असलेलं 'ग्रेज ॲनॅटमी' हे पुस्तक 1858 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. कार्टरनी प्रत्येक भागाचं नाव बाजूला रेघ ओढून न देता थेट त्या हाडावर, त्या स्नायूवर, त्या नसेवर लिहिलं. विद्यार्थ्याला अवयव आणि नाव एकाच नजरेत दिसू लागलं, आणि पुस्तक चाललं त्यात या युक्तीचा वाटा मोठा. पुस्तक बाजारात आलं त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते, साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते आणि शेवटी कॉलेजचे प्राचार्यही झाले. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पायात काटा घुसून होणाऱ्या, पाय सुजवून भोकं पाडणाऱ्या एका रोगावर त्यांनी इथेच काम केलं. हा रोग बुरशीमुळे होतो असं त्यांचं म्हणणं होतं आणि 'मायसेटोमा' या नावामागेही तेच आहे. ग्रीकमध्ये 'मायकेस' म्हणजे बुरशी.

आता चुकांकडे. वैद्यकातल्या पुष्कळ नावांत जुन्या चुका गोठून राहिल्या आहेत आणि कुणी त्या दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. 'आर्टरी' हा ग्रीक शब्द मुळात श्वासनलिकेसाठी होता. मेलेल्या प्राण्याचं शरीर उघडलं की रक्त बहुतेक शिरांमध्ये साचलेलं मिळे आणि धमन्या रिकाम्या दिसत. तेव्हा या नळ्यांतून वारा खेळतो असा ग्रीक वैद्यांनी तर्क केला. दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून धमनीत रक्तच असतं हे दाखवलं, 1628 मध्ये विल्यम हार्वी यांनी रक्ताभिसरणाचं पूर्ण चक्र मांडलं, पण नाव वाऱ्याचंच राहिलं. खऱ्या श्वासनलिकेला मग 'खरबरीत आर्टरी' म्हणावं लागलं. त्यातला खरबरीत या अर्थाचा 'ट्रेकिया' तेवढा शिल्लक उरला. म्हणजे आज ज्याला डॉक्टर ट्रेकिया म्हणतात त्याचा अर्थ फक्त 'खरबरीत' आहे. काय खरबरीत, ते नावात उरलेलंच नाही.

ग्रीकांना हसण्याआधी आपला 'धमनी' तपासावा. हा शब्द संस्कृतातल्या 'ध्मा' या धातूपासून आला, अर्थ फुंकणे, फुगवणे. शंख फुंकण्यासाठी हाच धातू वापरतात. चरकसंहितेतही धमनीची व्युत्पत्ती याच धातूशी जोडलेली आहे. मनगटावर बोट ठेवलं की खालून काहीतरी ठोके देत फुगतं आणि ओसरतं, हे दोन्हीकडच्या वैद्यांनी नीट पाहिलं होतं. पाहणं खरं होतं, आत काय भरलं आहे एवढंच कळत नव्हतं.

मलेरियाचीही तीच तऱ्हा. इटालियन भाषेत 'माल आरिया' म्हणजे वाईट हवा. रोमच्या आसपासच्या दलदलीतून उठणाऱ्या कुबट हवेने ताप येतो अशी समजूत होती. दलदल आणि ताप यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला, पण दोघांच्या मधे डास होता तो सुटला. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीच्या खुणा दिसल्या तेव्हा वाईट हवेची कल्पना संपली. मराठीने इथे शहाणपणा केला. 'हिवताप' या शब्दात फक्त लक्षण आहे, हीव भरतं आणि ताप येतो. कारणाबद्दल एक अक्षर नाही. त्यामुळे तो शब्द कधी खोटा पडला नाही. इन्फ्लुएन्झाला ती संधी मिळाली नाही. तो ग्रहताऱ्यांचा 'प्रभाव' या अर्थाचा इटालियन शब्द आहे, आणि दरवर्षी फ्लूची लस घेणाऱ्या माणसाला त्यातल्या ग्रहताऱ्यांचा पत्ताही नसतो.

भाषांतराने तर आणखी मजा केली आहे. मेंदूभोवती तीन आवरणं असतात. त्यांतल्या बाहेरच्या जाड आवरणाला 'ड्यूरा मेटर' म्हणतात, म्हणजे 'कठोर आई'. मेंदूच्या आवरणाला आई का म्हणावं? उत्तर अरबीत आहे. अरबीमध्ये एखाद्या गोष्टीला सांभाळणाऱ्या, वेढून असणाऱ्या वस्तूला 'उम्म' म्हणजे आई म्हणायची पद्धत होती. अली इब्न अल्-अब्बास यांच्या दहाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथाचा लॅटिन अनुवाद 1127 च्या सुमारास अँटिऑकच्या स्टीफनने केला आणि शब्दाला शब्द ठेवत आई लॅटिनमध्ये आणली. आतल्या पातळ, नाजूक आवरणासाठी त्याने 'पिया' हा शब्द निवडला, ज्याचा लॅटिनमधला पहिला अर्थ भाविक, कर्तव्यदक्ष. तेव्हापासून प्रत्येकाच्या डोक्यात एक कठोर आई आणि एक भाविक आई आहे. मधल्या आवरणाला मात्र कोळ्याच्या जाळ्याचं साधं नाव मिळालं.

मराठी पाठ्यपुस्तकांतही शब्दांनी जागा बदलल्या आहेत. सुश्रुतसंहितेत 'पेशी' म्हणजे मांसाचा स्नायू. तिथे शरीरात 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले आहेत, आणि ते 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. हिंदीत आजही मांसपेशी म्हणजे मसल. मराठीत स्नायू हा मसल झाला आणि पेशी हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या 'सेल'ला दिला गेला. नागपूरच्या मराठी मुलाने हिंदी माध्यमाच्या मित्राची जीवशास्त्राची वही उसनी घेतली तर पहिल्या धड्यातच घोटाळा व्हायची शक्यता पुरेपूर.

फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. कातडीवर मुंग्या चालल्यासारख्या संवेदनेला वैद्यकात 'फॉर्मिकेशन' म्हणतात. 'फॉर्मिका' म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. मोठ्या रुग्णालयात जाऊन आपण जे सांगितलं तेच लॅटिनमध्ये लिहून मिळालं, असा हा प्रकार आहे.

नागिणीचं नातं याहून खोल आहे. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, आग आग होते, आणि घरातली मोठी माणसं 'नागीण आहे' म्हणतात. डॉक्टर 'हर्पीस झोस्टर' लिहितात. ग्रीकमध्ये 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणे, 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. सरपटणारा कमरपट्टा! भाषाशास्त्राच्या दृष्टीने हेर्पेइन आणि संस्कृतातला 'सर्प' एकाच धातूची लेकरं आहेत. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह' झाला एवढंच. तेव्हा हर्पीसमध्येही एक साप दडलेला आहे.

नागिणीबद्दल खेड्यापाड्यांत एक भीती पक्की बसलेली असते: तोंड आणि शेपूट मिळालं, वेढा पुरा झाला, की माणूस दगावतो. मग गेरू लावणं, मंत्र घालून नागीण उतरवणं सुरू होतं. खरी हकीकत अशी. लहानपणी कांजिण्या आल्या की त्यांचा विषाणू पुरता जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती खालावली, की त्यांतल्या एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. हे मज्जातंतू जोडीने निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. जागा होतो तो बहुतेक वेळा एका बाजूचा, म्हणून पट्टा पाठीपासून पोटापर्यंत येतो आणि मधल्या रेषेवर थांबतो. वेढा पुरा न होणं हा त्या रोगाचा स्वभावच आहे, मंत्राचा गुण नव्हे. विषाणूविरोधी औषधं मात्र फोड उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेली बरी, आणि मांत्रिकाकडे जातात ते नेमके हेच तीन दिवस.

परदेशी शब्द आपल्याकडे आले तसा एक मराठी-कोंकणी शब्द युरोपात गेला आणि तिथे त्याचे हाल झाले. तो शब्द मोडशी. पोट बिघडून उलट्या-जुलाब झाले की आजही 'मोडशी झाली' म्हणतात; मुळात 'मोडणे'. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आले. भारतातल्या औषधी द्रव्यांवर त्यांनी संवादरूपात लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात जोराच्या उलट्या-जुलाबांनी काही तासांत माणूस नेणाऱ्या एका रोगाचं वर्णन आहे. इथले लोक त्याला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही तो शब्द बिघडवून 'मोर्देशी' करतो, असं ओर्तांनी प्रांजळपणे नोंदवलं आहे. अरबी नावही त्यांनी दिलं आहे. हिंदीतला 'हैजा' तो हाच.

पोर्तुगिजांच्या तोंडी शब्द पुढे 'मोर्देशिम' झाला. पोर्तुगीजमध्ये 'मोर्देर' म्हणजे चावणे, तेव्हा पोटात चावा घेणारा रोग असा अर्थ त्यांना त्यात सहज ऐकू आला असेल. मग फ्रेंच आले. त्यांच्या कानांना तोच शब्द 'मॉर द शियें' असा ऐकू आला आणि त्याचा फ्रेंचमध्ये चोख अर्थ निघतो: कुत्र्याचं मरण. रोग इतका भयानक की हे नाव कुणाला विचित्र वाटलं नाही. युरोपीय वैद्यकाच्या लिखाणात पटकीसाठी हे 'कुत्र्याचं मरण' बराच काळ वावरलं. यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हॉबसन-जॉबसन' या कोशात शब्दाची ही सगळी वाट मागे चालत जाऊन मराठी-कोंकणी मोडशीपर्यंत आणून सोडली आहे. उपचारही कमी भयंकर नव्हते. सतराव्या शतकात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे की मोर्देशिम झालेल्याच्या टाचेला तापल्या लोखंडाचा डाग देत. एकोणिसाव्या शतकात 'कॉलरा' हे नाव जगभर रुळलं आणि मोडशी पुन्हा घरी परतून किरकोळ पोटदुखीच्या कामाला लागली.

आफ्रिकेतून असे दोन शब्द मात्र जसेच्या तसे जगात गेले. जमैकात जन्मलेल्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली विल्यम्स सध्याच्या घाना देशात मुलांवर उपचार करत होत्या. हातपाय सुजलेली, केस तांबूस झालेली, मलूल मुलं त्यांच्याकडे येत. तिथल्या गा भाषक बाया या आजाराला 'क्वाशिओर्कोर' म्हणत: पाठीवर दुसरं भावंड आलं की आधीच्या मुलाला होतो तो आजार. विल्यम्सनी 1935 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हेच नाव वापरलं. नावातच निदान होतं. नवं बाळ आलं की मोठ्याचं अंगावरचं दूध तुटतं, आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज येते. प्रथिनांचा तुटवडा डॉक्टरांनी मोजण्याआधी आयांनी तो ओळखला होता.

दुसरा शब्द चिकुनगुन्या. 1952-53 मध्ये टांगानिकाच्या मकोंडे पठारावर सांधेदुखीने माणसं वाकवणारा ताप आला, आणि मकोंडे भाषेतल्या 'वाकवून टाकणारा' या अर्थाच्या शब्दाने तो ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्राला तो अनोळखी नाही. 1973 मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली आणि 2005-06 मध्ये तो पुन्हा राज्यभर फिरला. नावातलं 'चिकन' ऐकून कोंबडी खाणं सोडणारेही तेव्हा होते. बिचाऱ्या कोंबडीचा काही संबंध नव्हता. दोष डासाचा होता.

नावातून दुसऱ्यावर दोष ढकलण्याची हौस सगळीकडे सारखीच. पंधराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच सैन्य नेपल्सवर चालून गेलं त्या सुमारास एक नवा गुप्तरोग युरोपभर पसरला. इटालियन त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत, आणि रशियन लोकांच्या मते तो पोलंडचा होता. भांडणातून बाहेर असलेलं नाव एका कवितेतून मिळालं: वेरोनाचे वैद्य जिरोलामो फ्राकास्तोरो यांनी 1530 मध्ये प्रसिद्ध केलेल्या काव्यातल्या सिफिलस या मेंढपाळावरून 'सिफिलिस'. भारतात तो पोर्तुगिजांबरोबर आला असं लोकांनी मानलं आणि सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला 'फिरंग' असं नाव मिळालं. फिरंग्यांचा रोग. इथे आरोप आणि इतिहास बऱ्यापैकी जुळतात, हेही सांगायला हवं.

अशा नावांनी माणसं, गावं, धंदे आणि प्राणी नाहक बदनाम होतात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मे 2015 मध्ये नियम घालून दिले: नव्या रोगाच्या नावात जागा नको, व्यक्ती नको, प्राणी नको, लोकसमूह नको. त्याच धोरणातून नोव्हेंबर 2022 मध्ये 'मंकीपॉक्स'चं 'एमपॉक्स' झालं. जुन्या नावांना हे नियम आपोआप लागू होत नाहीत. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला. कागदोपत्री त्या रोगाला जंगलाचं नाव मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. 2016 मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात दिसला तेव्हा गावकऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'माकडताप' म्हटलं. रोग पसरवते ती जंगलातली गोचीड. माकड त्यात माणसाइतकंच आजारी पडतं, आणि माणसाच्या आधी मरतं.